बहिणीच्या साच्यातून बाहेर: नंदाच्या कारकिर्दीतल्या एका कोंडीचा अभ्यास

१९६० साली 'काला बाजार'मध्ये नंदा देव आनंदची बहीण होती. पुढच्याच वर्षी, त्याच नवकेतन या निर्मितीसंस्थेच्या 'हम दोनों'मध्ये ती देव आनंदची बायको झाली. आज यात कुणाला काही विशेष वाटणार नाही. पण त्या काळातल्या हिंदी चित्रपटाच्या धंद्यात हे सहजासहजी घडत नसे. एकदा एखादी मुलगी नायकाची बहीण म्हणून लोकांच्या डोळ्यांत बसली, की निर्माते तिला त्याच भूमिका देत राहायचे आणि वितरकही तिची किंमत तेवढीच धरायचे. सहनायिकेच्या पायरीवरून नायिकेच्या पायरीवर चढलेल्या नट्या थोड्या. ती पायरी चढून पुढे दहा वर्षं तिथे टिकलेल्या त्याहून थोड्या.

नंदा टिकली. ती कशी टिकली, हा या अभ्यासाचा विषय आहे. तिच्याबद्दल मराठीत लिहिलं जातं ते बहुतेक तिच्या सालस चेहऱ्याबद्दल, गोड स्वभावाबद्दल आणि 'मास्टर विनायकांची मुलगी' या नात्याबद्दल. हे सगळं खरं आहे, पण त्यात तिच्या कामाचा हिशेब राहून जातो. माझं म्हणणं असं, की नंदाने आपली प्रतिमा झुगारून दिली नाही. त्या प्रतिमेने जी पत कमावून दिली होती, ती तिने धोका पत्करून दुसरीकडे गुंतवली, आणि शेवटी खुद्द ती प्रतिमाच एका भूमिकेत हत्यारासारखी वापरली. इतक्या शहाणपणाने स्वतःची कारकीर्द हाताळणारी नटी आपल्याकडे अभ्यासाचा विषय व्हायला हवी होती. ती कौतुकाचाच विषय राहिली, याची मला खंत आहे.

घर

मास्टर विनायक म्हणजे विनायक दामोदर कर्नाटकी. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्समधलं त्यांचं काम मराठी चित्रपटाच्या इतिहासात पक्कं नोंदलेलं आहे. आचार्य अत्र्यांच्या लेखणीतून उतरलेला त्यांचा 'ब्रह्मचारी' १९३८ सालचा. त्यात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या आणि महाराष्ट्रभर खळबळ उडाली. ही गोष्ट इथे मुद्दाम सांगतो आहे. ज्या दिग्दर्शकाने आपल्या नायिकेला एवढं मोकळं उभं केलं, त्याच्याच मुलीला वीस वर्षांनी पदर सावरून, डोळे भरून भावाची वाट पाहणाऱ्या भूमिका वाट्याला आल्या. काळ पुढे गेला म्हणून पडदा मोकळा होतोच असं नाही.

नंदाचा जन्म ८ जानेवारी १९३९ चा, कोल्हापूरचा. विनायकराव नंतर कंपनी घेऊन मुंबईला आले आणि १९ ऑगस्ट १९४७ रोजी गेले. ते अवघ्या ४१ वर्षांचे होते आणि मुलगी आठ वर्षांची. 'मंदिर' हा त्यांचा चित्रपट तेव्हा अपुरा होता. तो दिनकर पाटलांनी पुरा केला आणि १९४८ साली आला. त्यात बेबी नंदा आहे.

इथे एक योगायोग नोंदवावासा वाटतो. १९४२ साली दीनानाथ मंगेशकर गेले, तेव्हा त्यांच्या कुटुंबाला विनायकरावांनी आधार दिला. तेरा वर्षांच्या लताला त्यांच्याच कंपनीत काम मिळालं, आणि त्यांच्या पाठोपाठच ती १९४५ मध्ये मुंबईला आली. दोनच वर्षांत विनायकरावांचं स्वतःचं घर त्याच प्रसंगातून गेलं. लहान वयात घरासाठी कॅमेऱ्यापुढे उभं राहणं म्हणजे काय, हे त्या दोघींना आतून ठाऊक होतं. पुढे 'छोटी बहन'मध्ये भावाला राखी बांधताना नंदा गाते, तो आवाज लताबाईंचा आहे.

हा कौटुंबिक तपशील भावनेपोटी दिलेला नाही. घर चालवायचं असलेली नटी आलेली भूमिका सहसा परत पाठवत नाही. नंदाच्या पहिल्या पाच-सहा वर्षांतल्या निवडी वाचताना हे विसरलं, तर ती आपल्याला उगाच भाबडी वाटू लागते.

साचा कसा पडला

बेबी नंदाची नंदा झाली ती १९५६ च्या 'तूफान और दिया'मध्ये. परळच्या राजकमल कलामंदिरची निर्मिती, आणि व्ही. शांताराम विनायकरावांचे मावसभाऊ. नातं घरचं असलं तरी भूमिका बहिणीचीच होती. पोरकी झालेली भावंडं आणि त्यांची धडपड, अशी कथा. नंदा तेव्हा सतरा वर्षांची होती.

पण साचा पक्का केला तो मद्रासने. पन्नाशीच्या उत्तरार्धात मद्रासच्या कंपन्या तमिळमध्ये चाललेले कौटुंबिक चित्रपट हिंदीत नव्याने करू लागल्या होत्या. एकत्र कुटुंब, थोरला भाऊ, सोशिक वहिनी, घर फोडणारी धाकटी सून, आणि सगळ्यांच्या भांडणात भरडली जाणारी निरागस मुलगी, असा तो ऐवज. बायकामुलांसह सगळं घर बघायला येई आणि वितरकांना भरवशाची कमाई होई. एव्हीएमचा 'भाभी' १९५७ चा. त्यात नंदा बालविधवा आहे. सहायक अभिनेत्री म्हणून फिल्मफेअरचं नामांकन तिला याच चित्रपटासाठी पहिल्यांदा मिळालं. मग १९५९ मध्ये एल. व्ही. प्रसाद यांचा 'छोटी बहन'. बलराज साहनी आणि रेहमान हे दोन भाऊ आणि दृष्टी गेलेली बहीण मीना. चित्रपट जोरात चालला, आणि शंकर-जयकिशनचं राखीचं गाणं चित्रपटापेक्षाही लांब गेलं. आपल्याकडे बहीण-भावाचा खरा मोठा दिवस भाऊबीज. तरी नारळी पौर्णिमेच्या सकाळी गिरगावातल्या चाळींत आणि लालबागच्या खोल्यांत रेडिओवर हेच गाणं लागायचं, अजूनही लागतं. नटीसाठी अशी लोकप्रियता दुधारी असते. वर्षातून एकदा सगळा देश तुम्हाला बहीण म्हणून आठवतो.

त्याच वर्षी 'धूल का फूल'मध्ये ती नायकाची सालस पत्नी होती आणि कथेचा सगळा भार माला सिन्हावर होता. 'आँचल'साठी तिला फिल्मफेअर मिळालं, तेही सहायक अभिनेत्रीचंच. बक्षीससुद्धा साच्याला खिळा ठोकून गेलं.

हा साचा धंद्यात कसा घट्ट होतो, ते समजून घ्यायला हवं. स्टुडिओंची पगारी नोकरीची पद्धत तोवर मोडली होती. कलाकार मोकळे झाले होते, पण त्यांची किंमत आता वितरक ठरवू लागले होते. लॅमिंग्टन रोडवरच्या नाझ चित्रपटगृहाच्या आवारात या वितरकांची कार्यालयं होती. चित्रपट पुरा होण्याआधीच प्रांताप्रांताचे हक्क विकले जात. विकत घेणारा पटकथा वाचत नसे, तो नावं वाचायचा. नायक कोण, नायिका कोण, संगीत कुणाचं. 'नंदा' हे नाव बहिणीच्या जागी असेल तर त्याला मोल होतं. नायिकेच्या जागी ते चालेल का, हे कुणी आजमावलंच नव्हतं, म्हणून कुणी आजमावतही नव्हतं. दिग्दर्शकाला नटीतला वेगळा गुण दिसला तरी पैसा लावणाऱ्याला तो दिसेलच असं नाही. कोंडी होती ती इथे.

पहिल्या फटी

साठ-एकसष्ट या दोन वर्षांत भिंतीला फटी पडल्या. बी. आर. चोप्रांच्या 'कानून'मध्ये ती नायिका होती. चित्रपटात एकही गाणं नव्हतं, आणि हिंदीत त्या काळी ही धाडसाची गोष्ट होती. बिमल रॉय यांच्या कंपनीच्या 'उसने कहा था'मध्ये ती सुनील दत्तसमोर आली. आणि मग 'हम दोनों'.

'हम दोनों'मधली तिची रुमा अभ्यासण्यासारखी आहे. एकाच चेहऱ्याचे दोन फौजी अधिकारी, आणि त्यातल्या एकाच्या जागी दुसरा घरी आलेला. रुमाला हृदयविकार आहे, म्हणून तिला खरं सांगता येत नाही. प्रेक्षकाला सगळं माहीत असतं, तिला काहीच माहीत नसतं. नवरा दूर दूर का राहतो, हे कोडं नंदा किती थोडक्यात दाखवते ते पाहावं. तक्रार ओठांपर्यंत येते आणि तिथेच थांबते. 'अल्ला तेरो नाम' तिच्यावरच चित्रित झालं आहे. या चित्रपटाची रूढ अर्थाने नायिका साधना होती, तरी नंदाची भूमिका बहिणीची नव्हती. तिच्यात पत्नीची ओढ होती, शरीराची जाणीव होती. साच्यातली सहनशीलता तीच ठेवून तिने आतला आशय बदलला.

तरीही ही दुसरी जागाच होती, हे मान्य केलं पाहिजे. मोठ्या नायकासमोर तिला मिळणारी जागा अजून अर्धीच असे.

नवख्या नायकावर लावलेली पत

याच सुमारास नंदाने जे केलं, त्याला मी या प्रकरणाचा गाभा मानतो.

शशी कपूर १९६१ मध्ये नायक म्हणून आला. 'धर्मपुत्र' गाजला, पण गल्ल्यावर चालला नाही. आडनाव कपूर असलं, पाठीशी पृथ्वी थिएटरची आणि शेक्सपियरच्या नाटकांची तालीम असली, तरी वितरकांच्या दृष्टीने तो नवखा होता. नावाजलेल्या नायिका त्याच्यासोबत काम करायला कचरत होत्या. नंदा त्याच्याबरोबर उभी राहिली. 'चार दीवारी'पासून सुरुवात झाली आणि पुढे त्यांनी मिळून आठ चित्रपट केले. त्या दिवसांचं ऋण शशी कपूर पुढे उघडपणे मान्य करत राहिला.

याचा उल्लेख नेहमी तिच्या उदारपणाचा दाखला म्हणून होतो. ती उदार होतीच. पण एवढंच म्हटलं तर तिच्या अक्कलहुशारीवर अन्याय होतो. मला यात हिशेबही दिसतो. देव आनंद, राजेंद्रकुमार यांच्यासमोर नंदा असली की जाहिरातीत आधी नाव त्यांचं आणि कथाही त्यांचीच. नवखा नायक असला की वितरकाला ओळखीचं नाव एकच उरतं, ते नायिकेचं. साहजिकच कथा तिच्याभोवती फिरू शकते. भूमिका मोठी हवी तर शेजारचं नाव लहान असू द्यावं. यात धोका होता, कारण सुरुवातीचे त्यांचे चित्रपट फारसे चालले नाहीत. जोडी फसली असा शिक्का बसला असता, तर नुकसान तिचं अधिक झालं असतं. त्याला कपूर खानदान होतं. तिच्यामागे कमावून ठेवलेल्या नावाखेरीज काही नव्हतं.

१९६५ मध्ये सूरज प्रकाश यांचा 'जब जब फूल खिले' आला. काश्मीरमधला हाउसबोटवाला राजा आणि मुंबईची श्रीमंत रीटा. नंदा पाश्चात्य कपड्यांत आहे, बोलणं बिनधास्त. चित्रपटात पुढाकार तिचा आहे. 'ये समाँ' या गाण्यात ती गाते आणि तो नावाडी बिचारा कावराबावरा होतो. लाजण्याचं काम इथे नायकाकडे आहे. सहा वर्षांपूर्वी राखी बांधणारी मुलगी ती हीच, यावर त्या वेळच्या प्रेक्षकाचा विश्वास बसणं कठीण होतं. पण बसला. कल्याणजी-आनंदजी आणि आनंद बक्षी यांची गाणी घरोघर पोचली, चित्रपट प्रचंड चालला.

माझी एक तक्रार नोंदवतो. चित्रपट रीटाला मोकळेपणा देतो आणि शेवटी परत घेतो. मुंबईतल्या मेजवानीत राजाचा अपमान होतो, तो रागावून निघतो, आणि रेल्वेच्या फलाटावर धावत जाऊन सगळं सोडायला तयार होते ती रीटा. त्याने फारसं काही सोडायचं नसतं. पडद्यावरची आधुनिक मुलगी तेव्हा अशीच माघारी आणली जात असे. नंदाने मात्र पहिल्या दोन तासांत रीटा इतक्या ऐटीत उभी केली आहे, की शेवट विसरायला होतो आणि ती ऐट लक्षात राहते.

त्याच १९६५ मध्ये राजा नवाथे यांच्या 'गुमनाम'मध्ये ती रहस्यपटाची नायिका होती, आणि 'तीन देवियाँ'मध्ये देव आनंद ज्या तिघींमधून एकीची निवड करतो, ती साधी मध्यमवर्गीय मुलगी नंदाच. भित्री, बिनधास्त आणि घरगुती, एका वर्षात तीन तऱ्हा, तीन मोठे चित्रपट. कोंडी फुटली होती.

'इत्तेफाक'

कोंडी फुटल्यावर बहुतेक कलाकार जुनी प्रतिमा कपाटात टाकतात. नंदाने ती बाहेर काढली आणि वेगळ्याच कामाला लावली.

'इत्तेफाक' १९६९ चा. निर्मिती बी. आर. चोप्रांची, दिग्दर्शन यश चोप्रांचं, मूळ एक गुजराती नाटक. पुन्हा एकही गाणं नाही, लांबी दोन तासांहून कमी, जवळजवळ सगळं एका घरात आणि एका रात्रीत. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला एक चित्रकार मनोरुग्णालयातून पळून त्या घरात शिरतो. घरात एकटी बाई आहे, रेखा. चित्रकार झालेला राजेश खन्ना तेव्हा नवाच होता. 'आराधना'ने त्याचं नशीब पालटलं तेही याच वर्षी. म्हणजे इथेही नंदासमोरचं नाव लहानच होतं.

प्रेक्षक पहिल्या मिनिटापासून रेखाच्या बाजूचा असतो. का? तर ती नंदा आहे. त्या चेहऱ्यावर त्याने बारा वर्षं विश्वास टाकला आहे. ती बालविधवा होती, आंधळी बहीण होती, वाट पाहणारी पत्नी होती. वेडसर दिसणारा अनोळखी पुरुष आणि ती, यात गुन्हेगार कोण हे विचारायचीही गरज वाटत नाही. आणि मग कळतं, की नवऱ्याच्या खुनात तिचाच हात आहे, प्रेत घरातच आहे. दुसरी एखादी नटी असती, खलनायिकेची छटा असलेली, तर अर्ध्या प्रेक्षकांनी आधीच ओळखलं असतं. त्या चित्रपटाचा सगळा डाव नंदाच्या सोज्वळ प्रतिमेवर उभा आहे.

अभिनयाकडे बघितलं तर तिची कमाल आणखी दिसते. दुसऱ्यांदा पाहताना, रहस्य माहीत असताना, रेखाची प्रत्येक नजर दोन अर्थांची निघते. पहिल्यांदा भीती वाटलेली ती खरंच भीतीच असते, फक्त ती घरात शिरलेल्या माणसाची नसून आपलं गुपित उघड होण्याची असते. नंदाने कुठेही खोटं केलेलं नाही, प्रेक्षकाला फसवण्यासाठी म्हणून एकही खूण केलेली नाही. भीती तीच, कारण वेगळं. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीसाठी फिल्मफेअरचं नामांकन तिला या भूमिकेवर मिळालं. पारितोषिक मिळायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

जे सुटलं नाही

भूमिकेच्या साच्यातून नंदा सुटली. वयाच्या साच्यातून तिची सुटका झाली नाही, आणि ती तिच्या हातात नव्हतीही. तिशी उलटल्यावर 'द ट्रेन', 'जोरू का गुलाम' झाले. १९७२ च्या 'शोर'मध्ये ती थोडा वेळच आहे, पण 'एक प्यार का नग़मा है' आठवलं की समुद्रकाठी मनोजकुमारसोबत तीच दिसते. त्यानंतर नायिकेच्या भूमिका हळूहळू संपत गेल्या.

शशी कपूर १८ मार्च १९३८ चा, नंदा ८ जानेवारी १९३९ ची. जेमतेम दहा महिन्यांचं अंतर, त्यातही मोठा तो. १९८२ मध्ये 'नमक हलाल'मध्ये शशी नायकांपैकी एक होता, त्याची जोडी परवीन बाबीशी होती. त्याच वर्षी राज कपूर यांच्या 'प्रेम रोग'मध्ये नंदा पद्मिनी कोल्हापुरेची आई झाली. 'आहिस्ता आहिस्ता' आणि 'मजदूर' धरून, पद्मिनीचीच आई ती तीनदा झाली. तिने पत लावली, जोडी चालली, आणि त्या जोडीचं व्याज पुढची दोन दशकं एकट्या नायकाला मिळत राहिलं. यात शशी कपूरचा दोष नाही, त्याने कृतज्ञता कधी लपवली नाही. दोष त्या हिशेबाचा आहे, जो नायकाचं वय मोजत नाही आणि नायिकेचं रोज मोजतो.

'प्रेम रोग' तरुण विधवेच्या पुनर्विवाहाची कथा आहे. पंचवीस वर्षांपूर्वी 'भाभी'मध्ये ज्या जागी नंदा स्वतः होती, त्या जागी आता तिची पडद्यावरची मुलगी होती. त्या आईच्या चेहऱ्यावर जे मुकं समजणं आहे, ते लिहून दिलेलं नसावं. याही भूमिकेसाठी तिला नामांकन मिळालं. 'मजदूर'नंतर तिने काम थांबवलं. २५ मार्च २०१४ रोजी मुंबईत ती गेली.

हे प्रकरण कुणाला पडद्यावर तपासायचं असेल, तर तिचे चित्रपट सालवारीने बघू नयेत. आधी 'काला बाजार' आणि 'हम दोनों' पाठोपाठ बघावेत, समोर तोच नायक ठेवून. मग 'छोटी बहन' आणि लगेच 'इत्तेफाक'. 'इत्तेफाक' मात्र दोनदा, आणि दुसऱ्यांदा बघताना राजेश खन्नाकडे लक्ष न देता, तो बोलत असताना मागे उभ्या असलेल्या रेखाकडे.